डंकावरची भरड

आई,

आज दुपारी आपल्या खानावळीचा बोर्ड उतरवला. तोच जुना पत्र्याचा, तुझ्या हयातीत रंगवलेला. उतरवणारे दोघे घाईत होते आणि मी खाली उभी राहून "सावकाश, सावकाश" म्हणत होते, जणू तो पुन्हा कुठं टांगायचाच होता. चूल तर दिवाळीपासूनच बंद आहे. गुडघे चालत नाहीत, हाताखाली बायका मिळत नाहीत, पोरं घरबसल्या फोनवरून जेवण मागवतात, अशी कारणं मी विचारणाऱ्यांना देते. ती खोटी नाहीत. पण खरं कारण वेगळं होतं आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगण्यात अर्थ नाही. म्हणून तू जाऊन वीस वर्षं झाल्यावर आज रिकाम्या स्वयंपाकघरात हे लिहायला बसले आहे.

गल्ली तू ओळखणार नाहीस. कोपऱ्यावरची परमिट रूम गेली, तिथं मोबाईलचं काचेचं दुकान झालंय. दार उघडलं की गार हवा बाहेर येते, माणसाचा आवाज मात्र येत नाही. परमिट रूममधली भांडणं कशी टॉकीजपर्यंत ऐकू यायची! टॉकीजही पाडली. त्या जागेत आता गाड्या लावतात. समोरचं कोल्ड्रिंक हाऊस गेलं. सोमवारी आपल्याकडं मटण नसायचं, तेव्हा संध्याकाळी तू मला तिथं न्यायचीस, एक कॉकटेल आइस्क्रीम नि दोन चमचे मागायचीस, आणि माझं लक्ष नसलं की त्यातली फळं माझ्या बाजूला सारायचीस. शेजारचं जैन नवराबायकोचं किराणा दुकान, ज्यांना अख्खी गल्ली अण्णा आणि अक्का म्हणायची, ते तर तुझ्या मागोमागच बंद झालं. त्याच्या पलीकडचा चटणी कांडायचा डंक त्यानंतर काही वर्षं चालला. उन्हाळाभर तिथली लोखंडी मुसळं धाडधाड आदळायची आणि मिरचीच्या खकाण्यानं गल्ली शिंकून शिंकून बेजार व्हायची. आता त्याच्या बंद शटरवर क्लासच्या जाहिराती चिकटवलेल्या असतात.

गल्लीचा एक ग्रुप आहे फोनवर. पुण्याला गेलेले, परदेशी गेलेले सगळे त्यात आहेत. कुणीतरी टॉकीजचा जुना फोटो टाकतो आणि मग दिवसभर रडारड चालते, काय ते दिवस होते, काय ती माणसं होती. मला हसू येतं. यातले निम्मे सणासुदीला गावी येतात, हायवेवरच्या हॉटेलात जेवतात आणि परत जातात. मी एकदा लिहिणार होते, बाबांनो, एक खानावळ अजून चालू आहे, या की जेवायला. पण नाही लिहिलं. कारण ते आले असते, पहिला घास घेतला असता आणि त्यांचं तोंड बघून मला कळलं असतं.

तुझ्या वेळी हे सगळं एकमेकांत किती गुंतलेलं होतं. बर्फ परमिट रूममधून यायचा. तिथली माणसं उठली की सरळ आपल्याकडं जेवायला यायची. तू मालकाला ऐकवायचीस, "तुमच्यात येऊन हलकी हुत्यात आणि माझ्यात येऊन जड हुत्यात, मधल्यामधी गटारीत पडली म्हंजे?" टॉकीजचा खेळ सुटायच्या वेळेला तू तवा तापवून ठेवायचीस. मला एक संध्याकाळ अजून दिसते. मी कोपऱ्यात ताटं पुसत बसले आहे. गारगोटीकडचा एक धिप्पाड माणूस ढोसून आलाय, भाकरी गार आहे म्हणून तो ती ताटाबाहेर फेकतो. तू पदर खोचत बाहेर येतेस. "पावणं, पिऊन आलासा त्याचं मला काय न्हाय. पण भाकरीवर राग काढायचा न्हाई. उठा, हात धुवा नि परत बसा." तो उठतो, खरंच हात धुतो, परत बसतो. तू त्याच्यापुढं गरम भाकरी ठेवतेस आणि पांढरा रस्सा वाटीत ओतत राहतेस, तो नको नको म्हणेपर्यंत. जाताना तो तुझ्या पाया पडायला वाकला होता आणि तू मागं सरकली होतीस, कारण तो अंगावर पडेल अशी तुला भीती वाटली.

तुझ्या रश्श्याला काहीतरी वेगळं होतं, हे सगळे म्हणायचे. तिखट तर कुठल्याही खानावळीत मिळायचं. पण तुझा घास गिळल्यावर मागं जिभेवर एक काहीतरी राहायचं, त्याला नाव नव्हतं. ते तुझ्या वर्षभराच्या कांदा-लसूण चटणीत होतं एवढंच लोकांना माहीत होतं. म्हणून चटणीचे दिवस आले की माझं सगळं लक्ष तुझ्याकडं असायचं. ब्याडगी नि संकेश्वरी मिरच्या गच्चीवर वाळायच्या, कांद्याच्या चकत्यांनी खाटा भरायच्या. आणि मसाला भाजायची वेळ आली की तू मला हाकलायचीस. मी दहावीत असताना हट्टानं दारात उभी राहिले. तू उलथनं हातात घेऊन वळलीस. "तुझं हितं काय काम? पुस्तक घे जा. चुलीपुढं एक जळतीया तेवढं बास हाय." मला ते लागलं. मुलीला शिकवायचं आहे म्हणून बोलतेयस हे कळायचं ते माझं वयच नव्हतं. मला वाटलं, आईला कढईतलं काहीतरी मला दाखवायचं नाही.

मी शिकले, ऑफिसात चिकटले, लग्न करून इथंच जवळ राहिले. तुझ्या शेवटच्या थंडीत मी रजा घेऊन तुझ्या उशाशी होते. एक दिवस तू आपणहून चटणी सांगितलीस. कुठली मिरची किती, धणे किती, खोबरं किती काळं करायचं, कांदा तळायचा तो कुठल्या रंगावर उतरवायचा. मी विचारलं, "अजून काय?" तू म्हणालीस, "एवढंच." आणि भिंतीकडं तोंड केलंस. ते भिंतीकडं फिरवलेलं तोंड मी वीस वर्षं विसरले नाही.

तू गेलीस आणि शिमग्याच्या सुमाराला अक्कांनी दुकान मिटवलं, आणि त्या मुलानं बांधलेल्या नव्या बंगल्यात राहायला गेल्या. मी नोकरी सोडली. सगळ्यांनी वेड्यात काढलं, पण खानावळ बंद पडली तर तू दुसऱ्यांदा जाशील असं मला वाटलं. उन्हाळ्यात मी पहिली चटणी केली. तू सांगितलीस तशी, गुंजभरही इकडं तिकडं नाही. स्वतः डंकावर नेऊन दिली. पहिल्या रविवारी परमिट रूमचे मालक जेवायला आले. दोन वाट्या रस्सा प्यायले, मिशा पुसल्या नि म्हणाले, "झक्कास झालाय. आईची चव यायला जरा वेळ लागंल, एवढंच."

ती वेळ कधी आलीच नाही, आई. दुसऱ्या वर्षी मी मिरची बदलली, तिसऱ्या वर्षी तीळ वाढवले. खसखस घालून पाहिली, दगडफूल जास्त घालून पाहिलं. तुझ्या बहिणीला शाहूवाडीला जाऊन विचारलं, तर ती म्हणाली, "तिनं मला कवा सांगितलंय?" चांगलं व्हायचं गं, वाईट नव्हतं. लोक जेवायचे, ढेकर द्यायचे आणि बाहेर पडताना म्हणायचे, "पण आईच्या हातची…" ते 'पण' ऐकून ऐकून माझे कान किटले. मग मी तुझ्याशी भांडायला लागले. चुलीपुढं उभी राहून, पातेल्यात पळी फिरवत. अशी कशी आई, पोटच्या पोरीपासून हातचं राखून ठेवलंस? कुणासाठी ठेवलंस? बरोबर घेऊन गेलीस, चितेवर कोण जेवायला येणार होतं? फार वाईट बोलायचे. तुझा फोटो गल्ल्याच्या वर होता, त्याच्याकडं पाठ करून बसायला लागले. आणि मागच्या दिवाळीत एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं पुन्हा ते 'पण' उच्चारलं, तेव्हा मी चूल विझवली ती परत पेटवलीच नाही. हे ते खरं कारण.

आता मुख्य सांगते. परवा मोठी पातेली गडमुडशिंगीला पोचवायला गेले होते. डंकवाल्या मामी तिथं मुलाकडं असतात. मुलानं लग्नकार्यातल्या जेवणाच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली आहे, म्हटलं पातेली भंगारात जाण्यापेक्षा त्याच्याकडं जाऊ देत. मामी आता थकल्या आहेत, पण जीभ तशीच आहे. चहा घेता घेता तुझा विषय निघाला.

"तुझ्या आईचा रस्सा म्हंजे रस्सा हुता बघ."

माझ्या तोंडातून निघून गेलं, "त्यातलं एक काहीतरी तिनं मला शेवटपर्यंत सांगितलं न्हाई, मामी."

मामी पदरात तोंड घालून हसायला लागल्या. "तिलाच ठावं नव्हतं, तर तुला काय डोंबल सांगणार!"

मग त्यांनी सांगितलं. चटणीच्या दिवसांत डंकावर पहिला नंबर अक्कांचा असायचा. कांदा-लसूण लागलेल्या उखळात त्यांचं चालायचं नाही, म्हणून आदल्या दिवशी उखळ धुऊन ठेवायचं आणि सकाळी सगळ्यांच्या आधी त्यांची बिनकांद्याची, हिंग घातलेली चटणी कांडायची. घरची आणि दुकानात वजनावर विकायचीही, म्हणजे माल चांगला भरपूर. त्यांच्या पाठोपाठ तुझा नंबर, कारण डबे तिथं ठेवून तुला दुपारच्या जेवणासाठी परतायची घाई.

"चाळून चाळून शेवटाला जी भरड ऱ्हायची, ती अक्का न्हेत नव्हत्या," मामी म्हणाल्या. "'मामी, तुमच्यात घाला' म्हनायच्या. आमच्यात कुनाला त्यो हिंगाचा वास खपायचा न्हाई. टाकून द्यावी तर अन्न हाय ते. मग तुझ्या आईच्या मिरचीत ढकलायची नि एकदम कांडायची. तिचा माल खंडीभर, कुनाला कळतंय!"

"दरवर्षी?"

"व्हय, दरसाल. अक्का गल्लीत हुत्या तवर."

"आणि कुणाला बोलला नाहीसा?"

"कुनाला सांगू? आपली भरड मटनात जातीया म्हनल्यावर अक्कांनी दुसरा डंक बघितला असता. आणि आपल्या चटनीत दुसरीचा मसाला हाय म्हनल्यावर तुझ्या आईनं मलाच मुसळाखाली घातलं असतं की!"

मी इतकी हसले, आई, की चहा साडीवर सांडला. तुला 'आईची चव, आईची चव' म्हणून डोक्यावर घेतलं, ती निम्मी अक्कांची होती. ज्यांनी जन्मात मटणाचा वास घेतला नाही, त्यांचा हिंग तुझ्या तांबड्या रश्श्यात वर्षानुवर्षं उकळत होता. परमिट रूममधले सगळे तर्र पावणे अक्कांच्या घरचं खाऊन जात होते. अक्का आता नाहीत, आणि त्यांच्या सुनेला मी कालच फोन करून विचारलं तर ती म्हणाली की अत्तींचं, म्हणजे सासूबाईंचं, माप कुणी शिकूनच घेतलं नाही, आम्ही पाकीट आणतो. म्हणजे ती चव करायची तर तू, अक्का, मामी, तो डंक आणि कोण कुणाच्या आधी उखळापाशी जाणार तो क्रम, एवढं सगळं परत आणावं लागेल. ग्रुपवरच्या लोकांना हे कळवावं असं क्षणभर वाटलं, पण नको.

परत येताना बसमध्ये हसू आपोआप थांबलं. तू 'एवढंच' म्हणालीस ते खरोखर एवढंच होतं. तू दमली होतीस आणि कूस बदललीस, बस्स. माझ्यापासून तू काही म्हणजे काहीच लपवलं नव्हतंस.

हे वाचून तुला वाटेल, पोरीच्या मनातलं किल्मिष गेलं, बरं झालं. म्हणून एक सांगून टाकते, नाहीतरी हा कागद घडी घालून चुलीतच जायचा आहे. मला बरं वाटलेलं नाही. मामींनी सांगितलं नसतं तर फार बरं झालं असतं. वीस वर्षं मी रोज चुलीपुढं तुझ्याशी भांडत होते आणि भांडण चालू होतं तोवर तू समोर होतीस. आज सकाळी सवयीनं भांडायला तोंड उघडलं तर बोलायला काही नव्हतं. आई, त्या थंडीत मी तुझ्यासाठी रडले नव्हते, रागात होते. ते आज रडतेय.