सरांचा गाल

४ मार्च

पेटलं! पेटलं एकदाचं! डीएनएच्या धाग्यांपासून विणलेलं माझं एवढंसं यंत्र तोंडाच्या कॅन्सरच्या पेशीत शिरलं, त्याला हवी ती खूण सापडली आणि मायक्रोस्कोपखाली सगळं हिरवंगार! दोन वर्षं डोळे फोडले त्याचं चीज झालं. आईला फोन केला. म्हणाली, "बरं झालं बाई. आता तरी वेळेवर जेव."

५ मार्च

सरांनी आनंदावर विरजण घातलंच. "निरोगी पेशीत ते गप्प बसतं का, ते दाखव आधी. नाहीतर काही खरं नाही." बरोबरच आहे म्हणा. निरोगी पेशी आमच्या लॅबमध्ये घरच्याच — ज्याची पाळी असेल त्याने गालाच्या आतून कापूस फिरवून द्यायचा. या महिन्यात पाळी खुद्द सरांची! "घे, माझ्याइतका ठणठणीत माणूस या इमारतीत नाही," म्हणत आ वासून बसले. मला हसू आवरेना.

६ मार्च

सरांच्या पेशीही पेटल्या. बोंबला!

९ मार्च

तीन दिवस यंत्राची चिरफाड. धागे नव्याने जुळवले, रसायनं बदलली. सरांच्या पेशी पुन्हा हिरव्या! सर म्हणाले, "तुझं यंत्र दिसेल त्याला कॅन्सर म्हणतंय. गुंडाळ आता." जिन्यात बसून रडले. मग नाक पुसून डबा संपवला.

१० मार्च

आज डोकं चाललं. माझा गाल तपासला — अंधार. लॅबमधल्या बाकी चौघांचे — अंधार! मग पुन्हा सरांकडे. "अगं, किती वेळा?" वैतागले, पण दोन्ही गालांचे वेगवेगळे नमुने दिले. उजवा अंधार. डावा लखलखीत. म्हणजे यंत्र चोख आहे! मी चक्क उड्या मारल्या. धावत सरांच्या केबिनपर्यंत गेले आणि दारातच पाय थबकले. काय सांगायला आले होते मी?

सांगितलं कसंबसं. सर गालात जीभ फिरवत राहिले. "तिथे एक पांढरा चट्टा आहे. दाढ घासते म्हणून असेल." मग एकदम नेहमीच्या आवाजात, "एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही."

"नाही सर."

"उद्या डॉक्टरांना दाखवतो."

१३ मार्च

सरांच्या गालाचा तुकडा तपासायला गेलाय. संध्याकाळी घरी जाताना सर म्हणाले, "काहीही आलं तरी निष्कर्षात लिही." मी मान डोलावली.

आयुष्यात कधी इतकं मनापासून काही मागितलं नव्हतं — माझं यंत्र साफ चुकलेलं निघू दे.