अंजिराच्या बाजूची भिंत

९ मे

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. तू बरी असशील आणि नव्या ऑफिसातला तो खेकसणारा साहेब आता जरा माणसात आला असेल, असं धरून चालते. आई ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण तोंड शाबूत आहे.

रविवारी तू फोनवर विचारलंस, "आई रागावल्यात का माझ्यावर? बोलायला का येत नाहीत?" मी म्हटलं, अंघोळीला गेलीय. त्याच्या आधीच्या रविवारीही मी तिला अंघोळीलाच पाठवलं होतं. तू हसलीस. म्हणालीस, "फारच स्वच्छ झाल्यात आई." तुझं ते हसणं काही डोक्यातून जात नाही, म्हणून हे पत्र. फोनवर मला जमणार नाही. तू मध्येच काहीतरी चांगलं बोलशील आणि मी पुन्हा गप्प बसेन.

आधी घराचं सांगते.

अंजिराच्या बाजूच्या भिंतीला तडे जायला लागले, ते तू इथे असतानाच. यंदा खिडकीच्या कोपऱ्यापासून पार जोत्यापर्यंत जिन्याच्या पायऱ्यांसारखी भेग उतरली. स्वयंपाकघराचं दार लागेना. आई म्हणाली, "बरंय. आता या घरात कोणाला दार आपटून जाता यायचं नाही." दादाला टोमणा होता, पण दादा तिकडे लांब. ऐकायला मीच.

शेवटी एका इंजिनिअर बाईंना बोलावलं. त्यांनी भेगेवर आडवी काचेची पट्टी सिमेंटने चिकटवली. भिंत हलत असेल तर काच फुटेल, म्हणाल्या. आम्ही दोघी येता-जाता त्या पट्टीकडे बघायचो, तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावावा तशा. एका दुपारी मी शिवणाच्या मशीनवर बसले होते आणि टिक असा आवाज आला. एवढासाच.

घराखाली चिकणमाती आहे. भिजली की फुगते, सुकली की आकसते. झाड आपल्या बाजूच्या मातीतलं पाणी ओढून घेतं, तिथली माती जास्त आकसते आणि पाया तिकडे खचतो, असं बाईंनी सांगितलं. आई घाबरून म्हणाली, "म्हणजे झाड तोडायचं?" बाई म्हणाल्या, "नको नको. एकदम तोडलंत तर तीच माती पाणी पिऊन फुगेल आणि घर उलट वर उचललं जाईल. तोडू नका, अडवा." म्हणजे भिंत आणि झाड यांच्यामध्ये खोल खंदक खणायचा, त्यात जाड प्लास्टिकचा पडदा उभा पुरायचा, म्हणजे मुळं तिथेच थांबतात. छपराचं पाणी पायाशी न सोडता नळीने लांब न्यायचं. आणि उन्हाळ्यात घराभोवतीची माती सगळीकडे सारखी ओली ठेवायची.

प्रश्न होता, खंदक कुठे खणायचा. भिंतीलगत खणला तर बारीक मुळंच तुटली असती, झाडाला कळलंही नसतं. पण त्या वाटेत माझी शिवणाची खोली येते. ती पाडावी लागली असती. खोली ठेवायची तर खंदक तिच्या पलीकडे, थेट बुंध्याजवळ. त्यात जाड मुळं जाणार.

"मग झाड जगेल?" मी विचारलं.

"सांगता येत नाही."

तुला ती खोली माहीत आहे. पत्र्याचं छप्पर, दुपारी भट्टी. पण वहिनी, या घरात माझी म्हणावी अशी ती एकच जागा आहे. बाकी सगळीकडे मी आईची मुलगी आणि दादाची बहीण.

आईने लगेच निकाल लावला. "जाताना तिने एक भांडंसुद्धा नेलं नाही. एवढंच म्हणाली, माझ्या अंजिराकडे लक्ष ठेवा. तिला फोन कर. ती म्हणेल तसं करू."

मी फोन घेऊन अंगणात गेले.

मी तुला फोन केलाच नाही. फोन कानाला लावून झाडाखाली नुसती उभी राहिले. आई खिडकीतून बघत होती, म्हणून मान हलवली, मध्येच "हो, हो" म्हटलं. आत येऊन सांगितलं, "ती म्हणाली, खुशाल तोडा मुळं."

इथेच थांबायला हवं होतं. पण आईने विचारलं, "आणखी काय म्हणाली?" आणि माझ्या तोंडून निघालं, "म्हणाली, आता माझा त्या झाडाशी काय संबंध."

हे वाक्य कुठून आलं, ते मी स्वतःला विचारत असते. तू दादापासून वेगळी झालीस, आईपासून नाही. दर रविवारी ती फोनशेजारी खुर्ची ओढून बसायची आणि मला म्हणायची, "ते मशीन जरा थांबव, तिचा फोन यायचाय." मी थांबवायची. मला ते खुपत होतं, हे मी कधी मनातल्या मनातसुद्धा म्हटलं नव्हतं.

आई म्हणाली, "बरोबर आहे तिचं." बस. तेव्हापासून फोन वाजला की ती उठून जाते.

खंदक खणला त्या दिवशी मी मशीन जोरात चालवत बसले, तरी कुऱ्हाडीचे घाव ऐकू येत होतेच. मुळांतून पांढरा चीक गळत होता. पडदा पुरला, माती भरली. नवी काच अजून शाबूत आहे, दार लागतं. घर वाचलं असं म्हणायला हरकत नाही. झाडाची माझ्या खोलीकडची पानं मात्र पिवळी पडून गळतायत. उरलेल्या मुळांना पेलवावं म्हणून फांद्याही छाटाव्या लागल्या.

आणि काल न्हाणीघरात, उलट्या घातलेल्या टबाखाली, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या फांद्या सापडल्या. वीत-वीत लांबीच्या, नीट कापलेल्या. लग्नानंतर माहेरून येताना तू लावायला अंजिराची फांदी आणली होतीस ना, अगदी तशाच.

"हे काय गं?" मी विचारलं.

"टाकायच्या राहिल्यात," आई म्हणाली.

फडकं आत्ताच भिजवल्यासारखं ओलं होतं. तुझा फोन आला की ती खरंच न्हाणीघरात जाते. मला वाटायचं, तोंड लपवायला जाते.

मी विचारलं असतं तर तू बहुतेक म्हणाली असतीस, "खोली राहू दे गं, झाडाचं काय एवढं." मला तुझ्या नकाराची भीती नव्हती. तू हो म्हणशील आणि पुन्हा एकदा माझ्यापेक्षा मोठी ठरशील, याची होती. माफी मागायला तोंड नाही, पण मागते.

इथवर लिहून आईला वाचून दाखवलं. ती कापडं बेतायच्या टेबलावर नुसता हात फिरवत ऐकत होती. मग म्हणाली, "माझ्याशी खोटं बोललीस ते नंतर बघू. तिच्या तोंडी जे घातलंस ते आधी निस्तर. लिही तिला, रविवारी फोन कर म्हणावं. मी घेईन." दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "अंघोळीला म्हणे! आणि त्या फांद्यांचं काही लिहायची गरज नाही."

ते खोडलं नाही. या पत्रात आता काहीच खोडायचं नाही असं ठरवलंय.

रविवारी मशीन बंद ठेवते.

तुझी, अजून म्हणू देणार असशील तर,
नणंद