सईच्या नावावरचा ठपका

४ ऑगस्ट
मी सांगते, नात लिहिते. मला अक्षर येत नाही, पण अक्कल आहे. हेही लिही, सई.
इथे ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगच्या युनिव्हर्सिटीत होस्टेलसकट स्कॉलरशिप मिळायची होती हिला. आज ती देणाऱ्या ट्रस्टची मेल आली. ड्रग्जच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांनी अर्जच करायचा नाही. गाण्याच्या जलशात पर्समध्ये गांजाची एक सिगरेट सापडली, तीन आठवड्यांपूर्वी कोर्टात दंड झाला. गाढवपणा केलास, हे मी तेव्हाच ऐकवलंय. पण म्हणून शिक्षणच बंद?

५ ऑगस्ट
शेजारच्यांच्या घोड्याएवढ्या पोराने दारू पिऊन गाडी दुकानात घातली. त्याला अर्ज चालतो. फॉर्मात दारूचं विचारतच नाहीत. कसं विचारतील, ट्रस्टच्या जेवणात ग्लास कुणाच्या हातात असतात?
सई हसली. कालपासून पहिल्यांदा.

६ ऑगस्ट
पेंडल हिलच्या देशी दुकानात कोथिंबीर घेताना आपल्या मराठी मंडळातली अनघा वकील भेटली. मी सगळं सांगून टाकलं. सई माझी शाल ओढत होती. ओढू दे.
अनघा म्हणाली, "आजी, पहिलाच गुन्हा. नीट मागितलं असतं तर जजने दोषी असा ठपका न ठेवता सोडलंही असतं. वकील कोण होता?"
वकील नव्हताच.

त्याच दिवशी, जेवणानंतर
विनायकला विचारलं. माझा मुलगा, हिचा बाप, पुण्याचा इंजिनियर. म्हणाला, वकील करायचा तर ओळखीची अनघाच, आणि मग गणपतीच्या मीटिंगला बोभाटा. म्हणून यानेच पोरीला सांगितलं, कबूल कर, दंड भर, गपचूप घरी ये. घराची अब्रू वाचवली म्हणे. घरात सई धरली नव्हती वाटतं.
हे लिहायला नको, म्हणते सई. लिही.

८ ऑगस्ट
ठपका पुसायला वरच्या कोर्टात अपील करायचं तर चारच दिवस उरलेत. अनघा म्हणते, बापाने लिहून द्यावं की मुलीला वकिलाशिवाय कोर्टात मीच उभं केलं. त्याने फरक पडू शकतो, पण खात्री नाही.
विनायक म्हणाला, "आई, हे कागदावर कायमचं राहील."
"आणि तिचं?"
उठून गेला.

१० ऑगस्ट
विनायक सकाळपासून कागद घेऊन बसलाय. बाहेरून फोन आले, घेतले नाहीत. सई डोकावून आली. म्हणते, 'मी, विनायक' एवढंच झालंय, पुढे खोडाखोड.
चहा मागितला त्याने. म्हटलं, एक ओळ पुरी कर आणि मला वाचून दाखव, मग पत्ती टाकते.
आधण ठेवलंय.