आबांच्या खोलीतलं झाड

उल्हासनगर, ५ जानेवारी

ती. रू. आबांस,
सुनेत्राचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी घसा फोडायचा, तुम्ही काय काय म्हणत राहायचं आणि शेजारच्या पायलभाभीला आपलं सगळं कळायचं, त्यापेक्षा पत्र बरं. शौनक अंबरनाथला कंपनीत जातोच, तो पुढे बदलापूरला येऊन देईल. तुमचे जावई पोस्टमन झालेत, बिचारे बोलत नाहीत.

आबा, तुमची अट ऐकून मी कपाळाला हात लावला. न्हाणीत घसरून पडलात, तुमच्या शेजारच्या विठाकाकूंनी ओरडा ऐकला म्हणून निभावलं. आणि आमच्याकडे राहायला या म्हटलं, तर म्हणे ज्या खोलीत झाड जगत नाही तिथे माणसाने का राहावं! खोलीची खिडकी समोरच्या शिलाईच्या गाळ्याच्या भिंतीवर उघडते, मान्य. भरदुपारी दिवा लावावा लागतो, तेही मान्य. पण दुसरी खोली आणू कुठून? तरी तुमच्या हट्टापायी तुळस आणली, ती गेली. जास्वंद आणली, तिनेही मान टाकली. आता तुम्हीच सांगा, काय लावू?

लोभ असू द्या, अटी तेवढ्या कमी करा.

तुमची,
सुनेत्रा

बदलापूर गाव, ९ जानेवारी

चि. सौ. सुनेत्रास अनेक आशीर्वाद.

तुळस अंधारात? जास्वंद अंधारात? अगं, जन्मभर माझ्या अंगणात वावरलीस, काय डोळे मिटून वावरलीस का? ही उन्हाची लेकरं. त्यांना कोंडल्यावर ती मरणार नाहीत तर काय करतील!

जावईबापूंबरोबर दोन कुंड्या पाठवतो आहे. उभ्या तलवारीसारख्या पानांचं ते स्नेक प्लांट. जाड, चकचकीत पानांचं ते झीझी. नाव विचित्र आहे, पण जात चिवट. नीट ऐक. अशा झाडांना अंधार आवडतो असं नाही, ती तो सोसतात. उजेड कमी, तर पाणीही कमी. बोट मातीत खुपसून बघायचं, आतपर्यंत कोरडं लागलं तरच पाणी. दया दाखवायची नाही.

होळीपर्यंत दोन्हीतलं एक जरी हिरवं राहिलं, तर होळीची पोळी तुझ्याकडे खाईन आणि तिथेच राहीन. नाही राहिलं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. विहीणबाईंना नमस्कार.

कळावे, आणि या वेळी खरंच कळावे.

तुझे,
आबा

उल्हासनगर, १२ फेब्रुवारी

ती. रू. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमची ती चिवट जात आडवी झाली. स्नेक प्लांट बुडाशी मऊ पडून सकाळी जमिनीवर पसरलं होतं. झीझी पिवळं पडलं आहे, बहुतेक आज-उद्या जाईल. मी रविवारचा एक पेला सोडून थेंब घातला नाही, देवाशपथ. मग मेली कशी? खरं सांगा, मुद्दाम किडकी झाडं पाठवलीत ना? यायचं नाही म्हणून?

पायलभाभी म्हणते, प्लास्टिकचं झाड ठेवून द्या, अंकलना कुठे एवढं दिसतंय. तुमच्या नातवाला, सोहमला तर ही आयडिया भारी आवडली, तो लगेच मोबाइलवर शोधायला बसला. मी दोघांनाही दटावलं, पण आबा, मोह मलाही झाला होता. तुमच्यासाठी नवी गादी आणून घातली आहे, पलंगाला हाताशी आधार लावून घेतला आहे, आणि सगळं एका कुंडीपायी अडलंय. वैताग आलाय नुसता.

रागावले आहे तरी लोभ तोच.

सुनेत्रा

बदलापूर गाव, १६ फेब्रुवारी

चि. सौ. सुनेत्रास आशीर्वाद.

दोन्ही कुंड्या जावईबापूंनी परत आणल्या. अंगणात उपड्या करून पाहिल्या. माती कसली, चिखल! मुळं कुजून वास येत होता. आणि तू मला रविवारच्या पेल्याच्या गोष्टी सांगतेस? किडकी झाडं पाठवायला मी काय शत्रू आहे?

सुनेत्रा, एक विचारतो. माझं येणं तुमच्या घरात कोणाला जड होत असेल, तर तसं सरळ सांग. मला वाईट वाटेल, नाही कशाला म्हणू, पण समजेल. माणूस नको असलं की त्याच्या वस्तूकडे कोणी बघत नाही, एवढं जग पाहिलंय मी.

सोबत शेवटची कुंडी. तुझ्या आईने स्वयंपाकघराच्या खिडकीत लावलेल्या मनी प्लांटची फांदी आहे ही. हिला काही झालं तर मला कळवू नकोस.

आबा

उल्हासनगर, ५ मार्च

ती. रू. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

चोर सापडले. एक नाही, चार.

काल खोलीत गेले तर कुंडीखालच्या ताटलीतून पाणी वाहून तुमच्या नव्या गादीचा कोपरा भिजलेला. आईच्या फांदीची दोन पानं पिवळी. मी तिथेच मट्‌कन बसले आणि रडायलाच लागले. ते बघून सासूबाई पुढे आल्या. म्हणाल्या, सकाळी नळ आला की कळशीतलं कालचं पाणी त्या रोज तिथे ओततात. आबांचं झाड, तहानलेलं राहायला नको. सोहम म्हणाला, कॉलेजातून आल्यावर बाटलीतलं उरलेलं तो तिथेच रिकामं करतो, म्हणजे आबा पक्के येतील. शौनक हळूच म्हणाला की कामावरून आला की तांब्याभर तोही घालतो. एकाचं दुसऱ्याला माहीत नाही! आणि माझा रविवारचा पेला होताच वर.

मी सगळ्यांवर इतकी ओरडले की पायलभाभी धावत आली. पण आबा, कोणाला जड होतंय म्हणून विचारलंत ना? हे घ्या उत्तर. तुम्ही यावं म्हणून घरादाराने मिळून तुमची झाडं बुडवली. फांदीची चार पानं अजून हिरवी आहेत. त्यांचा काही भरवसा देत नाही. अट हरलो असं म्हणायचं तर म्हणा.

सुनेत्रा

बदलापूर गाव, ८ मार्च

चि. सौ. सुनेत्रास व घरातल्या सर्व गाढवांस आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसलो. मग चष्मा काढून ठेवावा लागला. विठा विचारत होती काय झालं, तर तिला सांगितलं, होळीला उल्हासनगरला जातोय.

कुंडीतली माती बदलायला कोरडी माती घेऊन येतो. तोवर कोणी तिला हात लावायचा नाही. रोज सकाळी तासभर ती कुंडी आणि मी, दोघांनाही दाराबाहेर उन्हात बसवायचं, बाकी त्या खोलीत आम्ही निभावून नेऊ.

आणि मी आल्यावर चहा, गोळ्या, दुखतंय का, जेवलात का, हे चौघांनी वेगवेगळं विचारायचं नाही. कोणीतरी एकाने, दिवसातून एकदा.

लोभ आहेच तुमचा. तो बेताने घाला.

तुमचा,
आबा