पाण्याखालच्या गावातली धम्मशीला

ताडकळस,
३ नोव्हेंबर २०२४

ती. मावशीस,
सविनय जय भीम. वि. वि.

आम्ही सगळे बरे आहोत. आईचा गुडघा तिच्या रागासारखा आहे, सकाळी धरतो आणि दुपारपर्यंत सुटतो. फोनवर तू ‘बरंय’ म्हणून ठेवून देतेस, म्हणून पत्र लिहितेय.

माझी कादंबरी पूर्ण झाली, सोबत पाठवतेय. माझ्या शाळेतली मुलं भुताच्या गोष्टी ऐकतात आणि अंधारात परसात जायला घाबरतात. त्यांच्या मनातली मरणाची भीती जावी असं मला फार वाटतं. म्हणून तुमच्या येलदरी धरणाच्या पाण्याखाली मी एक गाव वसवलं. गेलेली मुलं तिथं राहतात. यम नाही, चित्रगुप्त नाही; एक हेडबाई आहेत आणि आठवडी बाजार आहे, तिथं फक्त अदलाबदल चालते. घरच्यांनी हाक मारायचं थांबवलं की मूल काठावर चढतं आणि मोठं व्हायला लागतं.

नायिकेचं नाव धम्मशीला आहे. दहा वर्षांपूर्वी, मी नववीत असताना, तुझी सात वर्षांची लेक तापानं गेली, तेव्हापासून आपल्यात कोणी तिचं नाव घेत नाही. माझी बहीण पुस्तकात तरी असावी असं वाटलं. तू नको म्हणालीस तर नाव बदलेन. प्रकाशकांनी वाचलीय; पक्की प्रत महिनाअखेर द्यायचीय, तोवर कळव.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
सुकेशनी

येलदरी,
१२ नोव्हेंबर

चि. सुकेशनीस,
अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

पदवीधर बाई, तुमची पोथी पोचली. घरात पहिली बी.ए. झालीस तेव्हा वाटलं होतं, तलाठी होशील. तू तर मेलेल्या पोरांची सरपंच झालीस.

तुझे काका रोज वंदना झाली की एक प्रकरण मोठ्यानं वाचायलेत. आधी म्हणाले, आपण आत्मा मानत न्हाई आन् ही पोरगी काय लिहायली. मग विचारायले, आत्माच न्हाई तर त्या पोरांच्या चपला कशा हरवतात. परवा मी भाकरी करायला उठले तर म्हणाले, बस, पोरं बाजारात अडकलीत.

आता चुका ऐक. तुझी धम्मी लय शहाणी हाय. आमची तशी नव्हती. तू तिला दोन वेण्या घातल्यास, तिनं मला एक घालू दिली न्हाई. तुझ्या दंडाला चावली होती ते विसरलीस का? हेडबाईला एकदा चावू दे. नाव राहू दे.

पण तो हाकेचा नियम वाचल्यापासून भाकरी गोड लागत न्हाई. दिवेलागणीला मी धरणाकडं तोंड करून तिला हळूच घरात बोलावते. अजून बोलावते. कोणाला ठाऊक न्हाई. तुझ्या पुस्तकाप्रमाणं मीच तिला पाण्यात धरून ठेवलंय. चार दिवस झाले, तोंड मिटून बसलेय. तू शिकलेली हायेस, खरं सांग. थांबू का?

आईला गुडघ्यावर तेल चोळायला सांग. तुझ्या उत्तराची वाट बघायलेय.

तुझी,
कुसुममावशी

ताडकळस,
१७ नोव्हेंबर

ती. मावशीस,
सविनय जय भीम.

थांबू नकोस. तो नियम कुठल्या ग्रंथातला नाही. मी अंगणात शेंगा सोलता सोलता केला, आणि चुकीचा केला. मुलांची भीती घालवायला निघाले आणि ती तुझ्या मनात घातली.

प्रकाशकांना फोन केला. ते म्हणाले, आई गप्प होते तिथंच वाचक रडणार. ते काढलं तर छापायचं की नाही याचा पुन्हा विचार करावा लागेल. मी म्हटलं, करा. फोन ठेवला. आईनं न मागता चहा दिला.

आता नवा नियम. दिवेलागणीला घरून हाक आली की मूल काठावर येतं, केसभर वाढतं आणि पुन्हा खेळायला पळतं. ज्यांना कोणी बोलावत नाही, त्यांना धम्मी आपल्या हाकेत ओढून घेते. या हिशोबानं ती आता सतरा वर्षांची झाली. वेणी घालत नाही. हेडबाईंना दोनदा चावली.

बदललेली पानं जोडली आहेत. चुकलेल्या भाचीला पदरात घे.

तुझी,
सुकेशनी

येलदरी,
२५ नोव्हेंबर

चि. सुकेशनीस,
पोटभर आशीर्वाद.

तुझ्या प्रकाशकाला रडायचंच असेल तर आमच्याकडं पाठव, कांदे चिरायला बसवते. ते छापोत न छापोत, ही प्रत मी परत देत न्हाई.

काकांनी नवी पानं दोनदा वाचली. सतरा वर्षांची झाली म्हटल्यावर म्हणाले, आता स्थळं सांगून येतील, पण आधी बारावी होऊ दे.

काल दिवेलागणीला मी दारात उभी राहिले. इतक्या दिवसांनी धरणाकडं तोंड केलं. कसंबसं हळूच बोलावलं. तर आतून तुझे काका म्हणाले, रोजच्यापेक्षा जरा मोठ्यानं बोलव, एवढ्या पाण्याखाली ऐकू जायचं न्हाई, आन् बाकीची पोरंबी वाट बघत असतील.

मग मोठ्यानं हाक मारली. शेजारची कडूबाई कोण आलं म्हणून बघायला बाहेर आली.

तुझ्यावर माया हाय तेवढीच हाय, उगं वाढवून लिहीत न्हाई.

तुझी मावशी,
धम्मशीलाची आई