भोक क्रमांक ४१२

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, वेधशाळेचा निवृत्त नव्हे, काढून टाकलेला तंत्रज्ञ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. माझा हात कापतो का, हेही त्यांना मुद्दाम तपासायला लावलं. कापत नाही.

१. राहतं दोन खोल्यांचं घर पुतणीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला द्यावं. चिमटे आणि भिंगही तिलाच. ती दीर्घिकांवर संशोधन करते. माझं वेधशाळेतलं काम आता रोबो करतात, तरी भिंग कुठे ना कुठे उपयोगी पडेल.

२. माजी विभागप्रमुखांना काहीही नाही. चौकशीत त्यांनी मला बसायला खुर्चीसुद्धा दिली नव्हती.

३. कपाटामागची अ‍ॅल्युमिनियमची तबकडी धाकट्या भावाला. तीत सहाशे चाळीस भोकं आहेत, एकेका दीर्घिकेसाठी एकेक. प्रत्येकात मी काचेचा बारीक तंतू हाताने खोवायचो आणि त्यातून तिचा प्रकाश यंत्रात जायचा. भोकं कुठे पाडायची याची यादी शास्त्रज्ञ देत. या तबकडीची यादी भावाची, तोही तिथलाच शास्त्रज्ञ. त्याला शिकवायला मी शिक्षण सोडलं, हे तो पूर्वी भाषणांत सांगायचा. हल्ली विसरला आहे.

भोक ४१२ मधल्या प्रकाशावरून त्याने जाहीर केलं, की अतिदूर समजली जाणारी एक दीर्घिका प्रत्यक्षात बरीच जवळ आहे. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. मग मोठ्या दुर्बिणीतून पाहिलं, तर तो प्रकाश शेजारच्याच दीर्घिकेचा निघाला. मी तंतू भलत्या भोकात खोवला, असं ठरलं आणि खापर माझ्यावर फुटलं.

तंतू ४१२ मध्येच होता. भोकच दोन मिलिमीटर सरकलेलं होतं, कारण यादीत भावाने दोन आकडे उलटसुलट लिहिले होते. भंगारात निघालेली तबकडी मी घरी आणली. त्याच्या सहीची यादी तिच्या मागे चिकटवली आहे.

चौकशीच्या आदल्या दिवशी तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "दादा, एवढं एक सांभाळून घे. तुझी नोकरी जाईल, माझं आयुष्य जाईल."

मी मूग गिळून बसलो. एकोणीस वर्षं त्याने तो विषय काढला नाही, याचा मला राग आहे. नोकरी गेल्याचा इतका नाही. पुतणी लहानपणी विचारायची, काका, तुमची चूक कशी झाली? तेव्हा हा समोर बसून निवांत चहा प्यायचा.

४. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी धाकट्या भावालाच नेमतो. पाकीट वकिलांकडे सीलबंद राहील. ते उघडून त्याने पुतणीला समोर बसवावं आणि कलम तीन स्वतः, मोठ्याने वाचावं. वकिलांनी वाचलेलं चालणार नाही. मध्ये आवाज अडकला तर पाणी प्यावं आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करावं.

स्थळ: राहतं घर
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२४
सही: (मृत्युपत्र करणारा)

आम्हा दोघांच्या देखत वरील सही झाली. आम्हाला यातून काही मिळणार नाही.
साक्षीदार १: (सही) दाखला देणारे डॉक्टर
साक्षीदार २: (सही) तळमजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई