कॅथेड्रलची गॅलरी उघडली

आई, आज नगरच्या जुन्या कॅथेड्रलमधली लाकडी गॅलरी लोकांसाठी उघडली. ती मजबूत आहे असं लिहिलेल्या कागदावर इंजिनिअर म्हणून सही माझी आहे. तू गेलीस तेव्हा मी दहावीत होते. घरातली पहिली शाळेत गेलेली पोर, एवढीच मी तुला ठाऊक.

ही इमारत आपण एकदाच पाहिली, नाताळच्या सुमारास, फाटकाबाहेरून. वॉचमन चांगला होता. "बाई, रविवारी या, तेव्हा उघडं असतं," म्हणाला. पण रविवारी तुझी कामाची पाळी असायची. "आतून कसं असंल गं?" एवढंच तू विचारलंस आणि आपण सुप्याची एसटी धरली.

सुप्याला कारखान्याच्या शेडचं बांधकाम चाललं होतं, तो दिवस मला अजून दिसतो. मला सुट्टी आहे, मी वाळूच्या ढिगावर बसले आहे. तू रिकामं घमेलं काखेत धरून परांचीचे बांबू एकेक हलवून बघते आहेस. "ही गाठ ढिली हाय. मी न्हाई चढायची." मुकादम सगळ्यांसमोर ओरडतो, "पाटलीणबाई, पालखी मागवू का?" तू म्हणतेस, "पालखी नको, नवा काथ्या आना." सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी चुलीपाशी मी तुझ्यावर चिडले, की तू सारखी घाबरतेस म्हणून लोक आपल्याला हसतात. तू भाकरी उलटलीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "हसनारे खाली उभे असत्यात."

कॅथेड्रलचं छत आम्ही दुरुस्त केलं, दगडांच्या सांध्यांतलं सिमेंट काढून चुना भरला. राहिली ती दारावरची गॅलरी. तिच्या तुळयांची भिंतीतली टोकं वाळवीनं खाल्ली होती. कितीतरी वर्षं वर कुणी गेलं नव्हतं. चर्चच्या कमिटीतले वडीलधारे म्हणाले, जिन्याला दोरी बांधा, लोक खालून बघतील. पण रंगीत काचा समोरासमोर दिसतात त्या फक्त वरून. मी हट्ट धरला, आणि हट्ट मान्य झाल्यावर माझी झोप उडाली. एक तुळई चुकली असती तर खाली शाळेची पोरं उभी असणार होती.

नव्या सागवानी तुळया बसल्यावर आम्ही वर वाळूची पोती रचली. तुळया जराशा वाकल्या, पोती उतरवल्यावर पुन्हा सरळ झाल्या. तरी मी मोजमाप घेतच राहिले. शेवटी सुतारकाका म्हणाले, "मॅडम, आता तुमी मधोमध उभ्या ऱ्हावा, मग आमी समदे येतो."

"माझ्यावर भरवसा नाही का काका?"

"तुमच्यावर हाय हो. पन तुमचं घाबरलेलं तोंड बघून त्यो जातोय."

मी वर गेले, मधोमध उभी राहिले आणि जोरात उडी मारली. मग सगळे आले, पाय आपटून नाचले. फळी कुरकुरलीसुद्धा नाही. आई, एवढ्या मोठ्यानं मी कधी हसले नव्हते.

आज हिवरे बाजारच्या बायका टेम्पो करून आल्या. गरज नाही सांगूनही त्यांनी चपला दाराशी काढल्या. एक म्हातारी कठड्याला धरून उभी राहिली, तिच्या पांढऱ्या पदरावर काचांचा लाल-निळा उजेड पडला. खाली वाकून ती मैत्रिणीला म्हणाली, "ये की गं वर! सरग हाय हितं!" आता रोज संध्याकाळपर्यंत दार उघडं असणार आहे, कुणालाही, प्रार्थनेला यायचं असो वा नसो. आतून कसं आहे म्हणशील, तर दुपारी दोनला सगळ्यात छान.

रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत गेली होती. पाळकसाहेब सगळ्यांना अभिमानानं दाखवत होते, एवढी रांग इथं कधी लागली नव्हती म्हणून. जिन्यापाशी मी पाटी लावली आहे: वर एका वेळी पंचवीस माणसं. हिशेबात चाळीस बसतात. तो हिशेब मी चार वेळा तपासला, दुसऱ्याकडूनही तपासून घेतला, आणि तरी पाटीवर पंचवीसच लिहिलं. हे पत्र पेटीत पडणार नाही, म्हणून तुला सांगते: त्या रांगेतले निम्मे लोक माझ्या भीतीपोटी उन्हात उभे होते. पाळकसाहेबांना मी अजून काही बोललेले नाही.